टाकी टू टाकी

पंपावर पेट्रोल भरणाऱ्या माणसाचं आणि माझं कधी जमलं नाही. नळी आपोआप बंद झाली, म्हणजे 'कट' झाला, की हात काढायचा, एवढंच मी त्याला सांगायचो. तो दर वेळी म्हणायचा, "साहेब, राऊंड फिगर करू का?" आणि माझं उत्तर यायच्या आत दोन पिचकाऱ्या जास्तीच्या मारायचा. त्या दोन पिचकाऱ्यांनी माझी दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात जायची. एकदा मी त्याच्यावर असा काही ओरडलो, की मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवायचं थांबवलं. त्यानंतर मी आलो की तो दुसऱ्याला पुढे करायचा.

गाडीचं खरं ॲव्हरेज काढायची एकच पद्धत आहे: टाकी टू टाकी. कटपर्यंत फुल करायची, गाडी वापरायची, पुन्हा त्याच पंपावर, त्याच नळीने कटपर्यंत फुल करायची. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर. डॅशबोर्डवर जो आकडा दिसतो त्यावर मी विश्वास ठेवत नाही. तो आकडा म्हणजे मुलाकडच्यांनी सांगितलेला पगार.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीला आहे. पिनांचे व्यास मोजणं हे माझं काम. वीस वर्षं मोजतोय. पिन बरी दिसते, चालून जाईल, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मोजलं नाही ते माझ्या लेखी नाहीच. हा स्वभाव कंपनीत चांगला म्हणतात. घरात त्याला दुसरे शब्द आहेत.

दीड वर्षापूर्वी वडिलांची किडनी गेली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. साखर जुनी, औषधं वेळच्या वेळी घेतली नाहीत, आणि मग एक दिवस पायांवर सूज आली ती उतरलीच नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, आता आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. किती दिवस, असं बहिणीने विचारलं. ते म्हणाले, दिवस नाही, कायमच. आणि यात सुधारणा होत नाही, जसं आहे तसं राखणं एवढंच असतं. बहीण रडली. मी विचारलं, पार्किंगची सोय कुठे आहे. मला त्या वेळी खरंच तेवढंच सुचलं. काहीतरी व्हायला हवं होतं आतमध्ये, पण झालं नाही. नंतरही झालं नाही.

बायकोची शाळा सकाळची. त्यामुळे अण्णांना नेणं-आणणं माझ्याकडे आलं. मी कायमची दुसरी शिफ्ट मागून घेतली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मोशीतून साडेसहाला निघायचं, स्पाइन रोडने चिंचवडच्या हॉस्पिटलात, चार तास मशीनवर, साडेअकरा-बाराला परत. मग जेवून मी कंपनीच्या बसने चाकणला. तोच रस्ता, तीच वेळ, तेच सिग्नल, तीच दोन माणसं. दुसऱ्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं, की एखादी गोष्ट तपासायला याहून चांगली परिस्थिती मिळणार नाही.

तिथून ते सुरू झालं. पैसे वाचवायचे म्हणून नव्हतं, हे मी बायकोलाही पटवून देऊ शकलो नाही. आमची छोटी पेट्रोल गाडी, आठ वर्षं जुनी, लिटरला सतराच्या आसपास जायची. मला तो आकडा वर न्यायचा होता. बाकीचं काही वर जाणार नव्हतं.

आधी हवा. टायरमध्ये नेहमीपेक्षा तीन पॉइंट जास्त, आणि तीही सकाळी टायर गार असताना. मग छतावरचा कॅरिअर काढला. मग डिकी रिकामी केली: पाण्याचे कॅन, जुनी छत्री, देवीच्या यात्रेतली घोंगडी, सहलीचा स्टोव्ह. मग मागचे स्पीकर. मग स्टेपनी आणि जॅक, जे काढणं मूर्खपणाचं आहे हे मलाही माहीत होतं. समोरच्या जाळीचा अर्धा भाग मी आतून पत्र्याने झाकला, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं आणि वारा कमी अडतो. कंपनीतल्या एकाने पेट्रोलच्या पाइपवर बसवायचं लोहचुंबक आणून दिलं. त्याच्या मेव्हण्याच्या गाडीला म्हणे चार किलोमीटर वाढले. मी तीन टाक्या घालवल्या त्यावर. काडीचा फरक पडला नाही. चुंबक आता आमच्या फ्रिजवर आहे, लाइटचं बिल धरून ठेवायला चांगलं आहे.

कुदळवाडीच्या कडेला एक गॅरेज आहे. तिथला मिस्त्री पंचवीस वर्षं तिथेच आहे, दाढी मेंदीने लाल, हात कोपरापर्यंत काळे. अण्णांची आणि त्याची ओळख माझ्याआधीची. मी प्लग, एअर फिल्टर, पातळ ऑइल, असं एकेक घेऊन जायचो आणि तो करून द्यायचा. एकदा वैतागून म्हणाला, "भाऊ, अब गाडी में निकालने को कुछ नहीं बचा. आता फक्त आपण दोघं उतरायचं राहिलंय."

खरी कमाई मात्र पायात असते. गाडीत काय बदललं त्याने थोडं वाढतं, पाय बदलला की भरपूर. दूरचा सिग्नल लाल दिसला की तिथेच पाय काढायचा. ब्रेक मारणं म्हणजे जाळून झालेलं पेट्रोल फेकून देणं. पन्नासच्या वर जायचं नाही, वरच्या गिअरला लवकर जायचं, काचा बंद, कारण उघड्या काचांत वारा अडतो, आणि एसीही बंद. चाकणचे कंटेनरवाले मागून हॉर्नने कान फोडतात, दुचाकीवाले वळून बघतात, बघू दे. माझी गाडी लग्नाच्या वरातीसारखी जाते असं कंपनीतले म्हणायचे. मी चौथ्या महिन्यात एकवीसला पोहोचलो होतो.

आणि हे सगळं मी ज्या माणसाला शेजारी बसवून करत होतो, तो माणूस तीस वर्षं कंपन्यांच्या बस चालवत होता. अण्णा मोशीचेच. चाकणला कारखाने आले तसे कामगारांना आणणाऱ्या बसवर लागले आणि त्याच सीटवरून निवृत्त झाले. ते नेहमी चप्पल काढून गाडी चालवायचे. तळव्याला पेडल कळलं पाहिजे म्हणायचे, आणि जिच्यावर पोट भरतं तिच्यावर पायताण ठेवायचं नसतं, हेही. मला गाडी त्यांनीच शिकवली, अनवाणी. ठेकेदाराने नवी बस घेतली किंवा नवं ऑइल आणलं, की डिझेलची चाचणी घ्यायला अण्णांनाच बसवायचे. महिनाभर तीच बस, तोच रस्ता, आणि तोच ड्रायव्हर. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ड्रायव्हर बदलला की आकड्याला अर्थ नाही, हे मला पाठ आहे, कारण ते मी त्यांच्याच तोंडून लहानपणापासून ऐकलं.

आमची वादावादी एकाच जागी व्हायची. चिंचवडहून परत येताना घराच्या अलीकडे उतार लागतो. अण्णा म्हणायचे, "न्यूट्रल टाक की." जुने ड्रायव्हर उताराला न्यूट्रलवर सोडून देतात. मी सांगायचो, अण्णा, या गाड्यांत गिअरमध्येच पाय काढला की पेट्रोल आपोआप बंद होतं, न्यूट्रलला उलट जळतं. ते म्हणायचे, "व्हय का? असंल बाबा." आणि पुढच्या खेपेला पुन्हा, "न्यूट्रल टाक की."

त्यांनी पहिल्यांदा गाडी मागितली ती एका रविवारी. पिंपळे सौदागरला बहिणीकडे जेवून आम्ही निघालो होतो. पार्किंगमध्ये ते चालवणाऱ्याच्या दारापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला दे की जरा. मोशीपातूर."

मी आदल्या दिवशी नवे टायर टाकले होते, कमी घासणारे. त्यांचा आकडा बघायचा होता. मी म्हटलं, "अण्णा, एवढी टाकी संपू द्या. चाचणी चाललीय. पुढच्या टाकीला तुम्हीच घ्या."

"बरं," ते म्हणाले आणि वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसले. त्यांना पटलं होतं. चाचणीत ड्रायव्हर बदलत नाहीत.

सोडायला खाली आलेल्या बहिणीने मात्र ते ऐकलं होतं. तिने पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ज्या दिवशी डायलिसिस नाही त्या दिवशी, सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, मुलगा शेजारी असेल तर थोडी चालवायला हरकत नाही, माणसाला बरं वाटतं. लायसन्स अजून चालू होतं. म्हणजे अडचण कुणाचीच नव्हती, फक्त माझ्या टाकीची होती.

दुसऱ्यांदा त्यांनी मागितली ती गॅरेजमध्ये. प्लग बदलून झाले होते. मिस्त्री म्हणाला, "चाचा, एक राऊंड मारून या ना, बघा कशी झालीय." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आत्ताच फुल केलीय, ही टाकी संपू द्या. मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिला. तिसऱ्यांदा कधी मागितली ते मला आठवत नाही. चौथ्यांदा मागितली नाही.

मी दुष्ट माणूस नाही. त्यांचं पथ्य मी सांभाळायचो, पाणी मोजून द्यायचो. दर सकाळी त्यांच्या डाव्या हातावर माझी बोटं ठेवायचो. डायलिसिससाठी तिथली शीर ऑपरेशन करून जोडलेली असते, आणि ती चालू आहे का हे बोटांनी कळतं. कातडीखाली सतत थरथर असते, गाडी उभी असताना इंजिन चालू असावं तशी. थरथर लागली की मी म्हणायचो, "चालू आहे." ते म्हणायचे, "हाय ना? मग चल." बापाच्या हाताला रोज हात लावत होतो आणि मला काही वाटत नव्हतं. लाज वाटायला हवी होती, तीही नाही.

मशीन दर वेळी त्यांच्या अंगातलं पाणी काढतं. आधी वजन, नंतर वजन. कधी अडीच किलो, कधी तीनच्या पुढे. एके दिवशी मला सुचलं, की जाताना गाडीत तेवढं वजन जास्त असतं आणि येताना कमी. मी सिस्टरना आकडा विचारून तो गाडीच्या वहीत लिहायला लागलो. पुरुषाने आस्थेने विचारलं म्हणून सिस्टर माझं कौतुक करायच्या.

उन्हाळा सुरू व्हायच्या आधी एकदा परत येताना स्पाइन रोडवर माझ्या लक्षात आलं, की अण्णांच्या पायात एकच चप्पल आहे. दुसरी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर राहिली होती. त्यांना पत्ताच नव्हता. मी चिडलो. परत फिरायचं म्हणजे दोन सिग्नल आणि तीन किलोमीटर वाढणार होते. "अण्णा, पायातली चप्पल जाते आणि तुम्हाला कळत नाही?" ते पायाकडे बघत बसले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जुनीच हुती." मी गाडी फिरवली नाही.

आणि मग तो एप्रिलमधला बुधवार. बाराचं ऊन, काचा बंद, एसी बंद, त्या दिवशी मशीनने पाणी जरा जास्तच ओढलेलं. अण्णा बराच वेळ गप्प होते, पण ते तसेही गप्पच असायचे. एका सिग्नलला मी नेहमीप्रमाणे इंजिन बंद केलं आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. घामाने सदरा भिजलेला, ओठ पांढरे. मी एसी पूर्ण सोडला, गाडी कडेला घेतली, सीट मागे पाडून पाय वर केले. पाचेक मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. "आलं का घर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आलंच. घरी पोहोचून त्यांना पंख्याखाली झोपवलं, आणि खाली येऊन वही काढून लिहिलं: एसी चौदा मिनिटं, अण्णांना चक्कर.

ती वही बहिणीच्या हाती लागली. रविवारी ती आली होती, गाडीतून अण्णांचे रिपोर्ट काढायला खाली गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी उतरलो तर ती डाव्या सीटवर बसून पानं उलटत होती. किलोमीटर, लिटर, हवा, आणि शेवटच्या रकान्यात अण्णांच्या अंगातून काढलेलं पाणी.

"दादा, हे काय आहे?"

मी समजावायला सुरुवात केली. वजनाचा परिणाम, वगैरे. मी खरंच समजावत होतो.

तिने वही मिटली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "अण्णांनी तुझ्याकडे काय मागितलं रे? काशीला ने म्हणाले का? गाडी मागितली. तीपण चालवायला. तीस वर्षं त्यांच्या हातात स्टिअरिंग आणि तू त्यांना डावीकडे बसवून उकडतोयस."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी देतो. ती म्हणाली, टाकीचं काय? मी म्हटलं, अर्धी आहे, असू दे. त्या टाकीचा आकडा साडेबावीसच्या पुढे जाईल असं दिसत होतं, आजवरचा सगळ्यात मोठा. ते मी तिला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सातला मी अण्णांच्या हातात किल्ली दिली. त्यांनी ती घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "संपली व्हय टाकी?"

"नाही. असू द्या."

त्यांनी कपडे बदलले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला. खाली आल्यावर गाडीभोवती एक फेरी मारली, बसला मारायचे तशी. आमच्या सोसायटीच्या मागे प्राधिकरणाचा रुंद रस्ता आहे, रविवारी सकाळी कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. मी गाडी तिथे नेऊन उभी केली आणि उतरलो. अण्णा चप्पल काढून बसले. सीट पुढे घेतली, आरसा लावला, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. मी डावीकडे बसलो. त्या सीटवरून रस्ता वेगळा दिसतो, मला माहीत नव्हतं.

किल्ली फिरली. क्लच दाबायला त्यांनी पाय उचलला आणि तो ब्रेकवर गेला. मग उचलून बरोबर ठेवला. मग उजवा पाय ठेवला आणि इंजिन एकदम किंचाळलं, काटा चार हजारावर. त्यांनी पाय काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा किंचाळलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मान खाली घातली आणि आपला पाय कुठे आहे ते बघितलं. अंधारात, धुक्यात, भरलेली बस घेऊन चाकणच्या गर्दीतून जातानासुद्धा या माणसाने कधी खाली बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी गाडी बंद केली.

"कळंना," ते म्हणाले. "तळव्याला काय लागतंय त्येच कळंना."

साखरेने पाय बधिर होतात हे मला माहीत होतं. डॉक्टरांच्या त्या पहिल्या कागदावर लिहिलेलंच होतं. मी विचारलं, "कधीपासून?"

"झालं की. उन्हाळ्याच्या आदीपासनं."

"आणि त्या दिवशी? पिंपळे सौदागरहून येताना मागितली होती तेव्हा?"

"तवा कळत हुतं." त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला. "तवा समदं कळत हुतं."

मला वाईट वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे होतं. त्यांची माफी मागावी असं मनात आलं, पण आमच्या घरात बापलेकांनी एकमेकांची माफी मागायची पद्धत नाही, आणि मागून तो पाय परत येणार नव्हता.

अण्णा दार उघडून उतरले. बॉनेटला हात धरत धरत डाव्या बाजूला आले. मी उतरून त्यांना बसवलं, चप्पल त्यांच्या पायात घातली आणि दोन्ही आहेत ना ते बघितलं. "आता आलोच हाय तर जरा लांब ने," ते म्हणाले. मी नाशिक रस्त्याला लागलो, इंद्रायणीचा पूल ओलांडला, चाकणच्या दिशेने. त्यांचाच जुना रस्ता. ऊन वर आलं होतं. मी एसी पूर्ण सोडला आणि पाय दाबला. साठ, सत्तर, ऐंशी. या गाडीत दीड वर्षात मी एवढा वेग बघितला नव्हता.

अण्णांनी वेगाच्या काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्यांचा उजवा हात पुढे आला आणि त्यांनी एसीचं बटण फिरवून बंद केलं.

"हळू चल," ते म्हणाले. "ही टाकी संपू दे."

मी पाय काढला आणि दोन्हीकडच्या काचा खाली केल्या.